डावा कौल

देव माझ्या बाजूनं आहे की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तो माझ्या विरुद्ध आहे असं एकदा चारचौघांत ठरलं होतं, आणि मी ते मानलं नव्हतं. तिथूनच सांगते.

माझं माहेर इंदापूरकडचं शेळगाव. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला, आणि कळायला लागल्यापासून मीही आईच्या मागं रानात. लग्न होऊन बारामतीजवळ पिंपळीत आले तरी काम सुटलं नाही, फक्त बांध बदलला. इथं एका मोठ्या रोपवाटिकेत रोजानं जायला लागले. ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, एकेका कप्प्यात एकेक बी टाकायचं, उगवून आलेली टोमॅटो-मिरचीची रोपं लहान लेकरासारखी जपायची आणि ती शेतकऱ्यांच्या गाडीत चढवायची. वर्षानुवर्षं तेच केल्यावर हात असा बसला की नुसत्या पानावरून रोपाचं दुखणं कळायचं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला, की दुसऱ्याचे ट्रे आपण किती दिवस भरायचे? घरामागं आमची थोडी जमीन होती, विहीर होती. तिथं हिरवी जाळी उभारून स्वतःची रोपवाटिका का करू नये?

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, एका शब्दात "कर" म्हणाले. तसेही ते दोन शब्द कधी बोलत नाहीत. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की आधी भैरोबाला कौल लावायचा. आमच्याकडं विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, कौलाशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आमची डावी पडली. तीही गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत, टपकन. देवाला जरा विचार करावासाही वाटला नाही.

आत्याबाई हात जोडून उठल्या, विषय संपला. भावकीतल्या बायकांना तर बरंच वाटलं. मजुराच्या पोरीनं पायरीनं राहावं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला रडू येत होतं, पण रडण्याआधी मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. मी तिथंच बसून राहिले आणि सगळ्यांच्या देखत गाभाऱ्याकडं बघून म्हणाले, "देवा, तू न्हाय म्हणलास ते मी ऐकलं. पण मी करणार हाय. राग आला तर माझ्यावर काढ, घरावर काढू नको."

पुढं कितीतरी दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मालकांनी मध्ये पडून एक ठरवलं. एकदा करून बघायचं. पहिली खेप हाती लागली नाही तर जाळी उतरवायची, मी पुन्हा रोजानं जायचं आणि परत कधी नाव काढायचं नाही. मी कबूल झाले.

पहिली खेप टोमॅटोची होती, पणदऱ्याच्या शेतकऱ्यांनी सांगून ठेवलेली. रोपं अशी तरारून आली की बघतच राहावं. न्यायला थोडेच दिवस राहिले आणि भर चैत्रात आमच्या भागातला डीपी जळाला. वीज गेली, विहिरीवरची मोटार बंद, हौदात खडखडाट. ट्रेमधल्या रोपांना जमिनीचा ओलावा नसतो, त्या उन्हात दोन वेळचं पाणी चुकलं तर सगळं संपतं. मालक टँकर बघायला गेले, पण लगीनसराई होती, एकही टँकर मोकळा नव्हता. लोकांच्या घरून कळशीनं आणलेलं पाणी कुठवर पुरणार? दुपार चढली तशी रोपांनी माना टाकल्या. बांधावरून जाणारी भावकीतली एक जाऊ मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, की देवानं आधीच सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि तशीच अनवाणी देवळाकडं निघाले.

मी प्रार्थना करायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. देऊळ सामसूम होतं, त्यामुळं आवाजही खाली ठेवला नाही. म्हणाले, "मी तुला म्हणलं हुतं, राग माझ्यावर काढ. त्या कवळ्या रोपांनी तुझं काय घोडं मारलंय? त्यांच्यावर कसला जोर दावतोस?" आणखीही बरंच बोलले. घसा सुकेपर्यंत बोलले. मग उंबऱ्याशी खाली बसले. आता तू जाणे आणि तुझी रोपं जाणोत, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, भांडून झालं आसंल तर सांगा, पाणी कुठं वतायचं?"

मंडपात खांबाआड तोंडावर टॉवेल टाकून एक माणूस पडला होता, तो उठून बसला होता. बाहेर लिंबाखाली त्याचा टँकर उभा. पुढं कुणाच्या तरी बांधकामावर तो पाणी घेऊन निघाला होता, पण पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, गाडी जाईना. ज्यांचं पाणी होतं त्यांनी फोनवर सांगितलं, आज राहू दे, कुठंतरी ओत. म्हणून तो ऊन उतरायची वाट बघत सावलीला आला होता. मी उठले आणि टँकरच्या पुढं चालायला लागले.

हौद काठोकाठ भरला. मी, मालक, आणि हो, आत्याबाईसुद्धा, झाऱ्यांनी पाणी घालत सुटलो. तो माणूस काही घेईना, चहालाही थांबेना. जाताना फक्त माठातलं गार पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत रोपांनी माना वर काढल्या. कडेची काही गेली, बाकी सगळी पणदऱ्याला पोचली.

लोक म्हणतात, तो भैरोबाच होता. मी म्हणते, तो ड्रायव्हर होता. गालात तंबाखू होती आणि रस्ता खणणाऱ्यांना तो शिव्या घालत होता. त्याला तिथं कुणी थांबवलं, ते मी विचारत नाही. मी घरात रडत बसले असते तर तो भेटला नसता, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. हात जोडायचे, पण आधी हातातलं काम संपवायचं, आपल्यानं होईल तेवढं सगळं करायचं आणि मग उरलेलं त्याच्या अंगावर टाकायचं. मला शरण जाणं जमतं ते असं. आज आमच्या दोन जाळ्या आहेत आणि माझी आई शेळगावहून आली की तिथं खुर्ची टाकून बसते.

रोपं पणदऱ्याला पोचली त्या दिवशी आम्ही पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन देवळात गेलो होतो. गुरवतात्या म्हणाले, सुनेनं देवाचा शब्द मोडलाय, तर पायावर डोकं ठेवून माफी मागू दे. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं. जन्मात कधी त्या देवापुढं मान वर करून बोलल्या नव्हत्या.

"माफी कशाची, तात्या? ती आपला समजून भांडली. परक्याशी कोण भांडतंय?" म्हणाल्या. मग गाभाऱ्याकडं वळल्या. "देवा, तुझं उपकार हायेत. पर माझ्या पोरीच्या परत आडवा आलास, तर गाठ माझ्याशी हाय."

तोवर त्या मला नेहमी सूनच म्हणत आल्या होत्या. मी देवापुढं डोकं टेकलं आणि पोटभर रडले.