काहून म्हणजे कानून नव्हे

इंजिनीअरिंग झाल्यावरचं पहिलं वर्ष मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या घरात बसून अर्ज करण्यात घालवलं. कॉम्प्युटरची पदवी होती, मार्क चांगले होते, आणि मला प्रोग्राम लिहिता येतो याबद्दल मला स्वतःला कधी शंका वाटली नाही. शंका कंपन्यांना असावी, कारण उत्तरच येत नव्हतं. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी चहा घेताना ते विचारायचे, "आला का कोणाचा फोन?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "सरकारी परीक्षेले बस ना बेटा. काहून जिद्द करून राह्यली?"

एके दिवशी मी माझा रेझ्युमे आणि सोबतच्या मैत्रिणींचे रेझ्युमे शेजारी ठेवून वाचले. नावं झाकली असती तर कोणता कोणाचा, हे मलाही सांगता आलं नसतं. तेच कोर्स, तेच प्रोजेक्ट, 'शिकण्याची आवड' हे वाक्यसुद्धा तेच. निवडणारी मी असते तर मीही कोणाला बोलावलं नसतं.

त्याच सुमारास मी वारासिवनीजवळ मामाच्या गावी गेले. मामी धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांधावर फोन तोंडासमोर धरून उभी होती. आपण बोलून प्रश्न विचारायचा आणि फोननं मराठीत उत्तर द्यायचं, असं शेतकऱ्यांसाठीचं एक नवं ॲप मामानं तिच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. मी गंमत म्हणून माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ काढायला लागले.

"धानाची पानं पिवळी काहून पडून राह्यली?" मामीनं विचारलं.

फोन गोड आवाजात म्हणाला, "कायदेशीर सल्ल्यासाठी जवळच्या वकिलाशी संपर्क साधा."

मामी माझ्याकडे वळली. "पानं पिवळी पडली त वकील कायले पाह्यजे वो?"

पोटभर हसून झाल्यावर मी स्क्रीन बघितली. मामीनं 'का' या अर्थानं म्हटलेलं 'काहून' मशीननं 'कानून' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मामी, अजून विचार. "धानाले खत कोणतं देऊ?" या वेळी 'धानाले'चं 'धन आले' झालं. फोननं मामीचं अभिनंदन केलं आणि बचत खात्याची माहिती दिली.

"बोलते त लय गोड," मामी म्हणाली, "पण कामाचं काहीच नाही सांगत."

मी दोन दिवसांसाठी गेले होते, आठवडाभर राहिले. मामी मला शेजारणींकडे घेऊन गेली. त्या रोजच्या बोलीत प्रश्न विचारायच्या, मी त्यांना सांगून ते रेकॉर्ड करायची आणि मशीननं काय ऐकलं ते बाजूला लिहून ठेवायची. चूक कुठे होते हे लवकरच दिसायला लागलं. 'मले', 'धानाले', 'काहून', मधेच येणारा हिंदी शब्द, इथे हमखास गाडी अडायची. घरी येऊन मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मशीननं लिहिलेलं वाक्य तो आधी तपासायचा आणि आजूबाजूला शेतीचे शब्द असतील तर 'कानून'चं 'काहून' आणि 'धन आले'चं 'धानाले' करायचा. सगळ्या चुका सुटल्या नाहीत, पण मामीचे दोन्ही प्रश्न बरोबर लिहिले गेले.

ॲप बनवणाऱ्या कंपनीची टेस्टरसाठी, म्हणजे ॲपमधल्या चुका शोधणाऱ्यासाठी, जाहिरात होती; त्यांना मी लांबलचक तांत्रिक मेल पाठवला. उत्तर नाही. मग तो सगळा मजकूर काढून टाकला आणि वकिलाचा सल्ला मिळालेल्या मामीचा व्हिडिओ, तिच्या परवानगीनं, पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: हे का होतं ते मला माहीत आहे, आणि दुरुस्तीची सुरुवात मी केली आहे. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

इंटरव्ह्यू नागपूरला होता. समोर तिघं होते. पहिल्यांनी आवाज ओळखणाऱ्या मॉडेलच्या आतलं गणित विचारलं. मी सांगितलं, "एवढं खोलात मला येत नाही. पण मॉडेल कुठे चुकतं ते मी दाखवू शकते." आणि लॅपटॉप उघडला.

दुसरे साहेब सगळं ऐकून म्हणाले, "पण ही काही शुद्ध मराठी नाही. हळूहळू लोक नीट बोलायला शिकतील ना?"

मला राग आला नाही. असलं बोलणं शाळेपासून ऐकलेलं होतं. "सर, माझ्या मामीनं दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवून दिला. ती पुन्हा विचारणार नाही. शिकायचं तर ॲपला शिकावं लागेल."

तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मामीचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि मग एकदम विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"मी बालाघाटची."

"मंग आपल्याच बोलीत सांग ना वो, कामावर कधीपासून येशील?" त्या हसून म्हणाल्या. त्यांचं माहेर शेजारच्याच भंडाऱ्याचं निघालं.

जाहिरात होती साध्या टेस्टरची. त्यांनी मला बोलींच्या तपासणीचं काम देऊ केलं. मी तिथंच म्हटलं की महिन्यातले निम्मे दिवस मी बालाघाटहून काम करीन, कारण ज्यांचं बोलणं तपासायचं ते लोक तिकडे आहेत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान्य केलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी आधी विचारलं, "नोकरी पक्की आहे का?" मी "हौ" म्हटलं. ते उठले आणि चप्पल घालून मिठाई आणायला गेले.

आता गोंडी ही मराठीहून अगदी वेगळी आदिवासी भाषा बोलणाऱ्या गावांचं काम सुरू झालंय. गेल्या आठवड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या उकव्याकडच्या एका अंगणात एक आजी बराच वेळ बोलत होत्या, आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. त्यांच्या सुनेनं विचारलं, "समझ में आ रहा है क्या?" मी नाही म्हटलं, जवळ सरकून बसले, आणि पहिल्या शब्दापासून विचारायला सुरुवात केली.