डच शब्द कुठे तोडावा

कंपनी मला हॉलंडला पाठवणार असं ठरलं आणि लगेच जगाची दारं बंद झाली. तरी मी डच शिकायला बसलो. मेलबर्नमध्ये तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. बायको म्हणाली, "डँडेनॉन्गच्या देशी दुकानात जाऊन कढीपत्ता आणता येत नाही, आणि हा निघालाय हॉलंडला."

शेजारी एक डच आजी राहायच्या. तरुणपणी बोटीने इकडे आलेल्या. नवरा गेल्यापासून त्यांच्याशी डच बोलायला कुणी उरलं नव्हतं. त्या कुंपणापलीकडून मला शिकवू लागल्या. डच माणसं दोन-तीन शब्द बेधडक एकमेकांना चिकटवतात. सांधा आपण ओळखायचा आणि जोर बहुधा पहिल्या शब्दावर द्यायचा. शाळेत समासाच्या विग्रहात मी कायम गुण घालवलेले. चाळिशीत तो पुन्हा पुढ्यात आला, तोही मास्क लावून.

त्या हिवाळ्यात आजींची धाकटी बहीण हॉलंडमध्ये वारली. जाणं शक्यच नव्हतं. कुटुंबाने ऑनलाइन प्रार्थना ठेवली आणि मी कुंपणाजवळ टेबलावर लॅपटॉप लावून दिला. आजींना आपला विद्यार्थी मिरवायचा होता, म्हणून सगळ्यांना प्रार्थनेला बोलावण्याचं वाक्य मी वाचायचं ठरलं. त्यात एक जोडशब्द होता, massagebed. तो 'मासा'नंतर तोडून 'मा'वर जोर दिला, तर सामुदायिक प्रार्थना. एक अक्षर पुढे तोडून 'सा'वर जोर दिला, तर मसाजचा पलंग. स्पेलिंग एकच.

काळ्या कपड्यांतल्या साऱ्या कुटुंबाला मी गंभीर आवाजात मसाजच्या पलंगाकडे बोलावलं.

 पडद्यावर कुणीतरी हसू दाबायला खोकलं. त्या दिवसांत तेच जास्त भीतिदायक होतं. आजी डचमध्ये काहीतरी म्हणाल्या, मग माझ्यासाठी इंग्रजीत, "तिची पाठ जन्मभर दुखली. प्रार्थनेपेक्षा तिला हेच आवडलं असतं."

सगळे हसले. आजी हसता हसता रडायला लागल्या. बातमी आल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. मी कुंपणाच्या अलीकडे नुसता उभा होतो.

पुढे हॉलंडची जागा कंपनीने तिथल्याच एकाला दिली. त्याला म्हणे भाषा येत होती. सीमा उघडल्यावर आजी मात्र तिकडे निघाल्या. विमानतळावर मीच सोडायला गेलो. आपलं डच आता तिथे जुनाट वाटेल, ही त्यांना धास्ती. मी म्हटलं, "माझं अगदी नवं आहे, पण ते नेऊ नका."