ठिपका मागे फिरला

मॅट्रिक झाल्यावर माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या: टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, नाहीतर आचरा गावचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. पण बघायला आला तेव्हा चहा संपेपर्यंत माडाला लागणाऱ्या भुंग्याविषयी बोलत होता, आणि चहा संपल्यावरही. बाबांनी मला सरळ सांगून टाकलं, "परीक्षा पास झालंस तर नोकरी कर. नाय झालंस तर आचऱ्याक होय म्हणून कळवतंय."

परीक्षेचा अर्धा पेपर गणिताचा आणि इंग्रजीचा. उरलेल्या अर्ध्यात अक्षर म्हणून नव्हतं, नुसती चित्रं. एक ठिपका चौकोनाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत जातो. पुढच्या चौकोनात तो कुठे असेल, ते खालच्या चार चित्रांतून ओळखायचं. मला वाटलं, पोरखेळ आहे. मग नमुन्याचा एक कागद सोडवला आणि जवळजवळ सगळंच चुकलं.

शिकवलं मला माझ्या मैत्रिणीने. ती चर्चजवळ राहायची आणि तीही याच परीक्षेला बसणार होती. मुंबईच्या मामाने तिला असल्या कोड्यांचं पुस्तक पाठवलं होतं. तिने त्यांच्या घरापुढच्या खळ्यात कोळशाने मोठा चौकोन आखला आणि मला कोपऱ्यात उभं केलं. "तू ठिपको. आता खंय जातलंस?" चौकोनाभोवती तिच्या आईने कोकमाची सोलं वाळत घातली होती. चुकले की पाय नेमका सोलांवर, आणि आतून तिच्या आईचा आवाज, "कोण गो ता मेला?" अशा शाळेत कोण लवकर शिकणार नाही!

परीक्षा मालवणातच, एका शाळेत झाली. ठिपके मी पटापट पळवले. एका प्रश्नात ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर गेला, मग वरच्या उजव्या कोपऱ्यात आला. पुढे कुठे? मी न थांबता खूण केली आणि पुढे गेले.

थोड्या दिवसांनी आम्हा गावातल्या मुलींना पुन्हा शाळेत बोलावलं. मुंबईहून आलेले टेलिफोन खात्याचे साहेब भडकलेले होते. "हा इतका सोपा प्रश्न. ठिपका गोल फिरतो आहे, तो खाली जाणार. तुम्ही जवळजवळ सगळ्यांनी तो मागे फिरवलाय! हुबेहूब एकच चूक. ही कॉपी आहे. मी परीक्षा रद्द करतोय."

माझ्या डोळ्यांसमोर भुंगा आला. बाकीच्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. मला ते जमलं नाही, मला कधीच जमलेलं नाही. मी म्हटलं, "साहेब, चूक नाही ती. चौकोनाच्या उजव्या बाजूला ही रेघ बाहेर आलीय ना, ती महादेवाच्या गाभाऱ्याची पन्हळ. तिच्यातून तीर्थ वाहतं. प्रदक्षिणा घालताना ते ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं."

साहेबांनी आपला मूळ कागद काढला. त्यावर रेघ नव्हतीच. पेपर छापायची स्टेन्सिल जरा फाटली होती आणि शाई भलतीकडे उतरली होती. आमच्या सगळ्यांच्या कागदांवर मात्र ती छान ठसठशीत आली होती.

"छान! आता सबबही तयार आहे," साहेब म्हणाले.

"मग हेडमास्तरांना विचारा. त्यांनी पेपर पाहिलेला नाही."

हेडमास्तर शेजारच्या खोलीत होते. साहेबांनी काहीच न सांगता कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली. पेन्सिल डावीकडून वर गेली, उजवीकडे वळली, रेघेपाशी अडली आणि गुपचूप आल्या वाटेने परत गेली.

"अहो, खाली का नाही नेलीत?" साहेब जवळजवळ ओरडले.

"खाली कशी नेऊ? इथे तीर्थ वाहतंय," हेडमास्तर म्हणाले. साहेबांना जिल्ह्याबाहेरच्या शाळेत चुकून घातलं असावं, अशा काळजीने ते त्यांच्याकडे बघत होते.

परीक्षा वाचली. तो प्रश्न तेवढा रद्द झाला आणि त्याचा गुण सगळ्यांचाच गेला. निकालात माझं नाव होतं. त्याच संध्याकाळी बाबांनी आचऱ्याला नाही म्हणून निरोप धाडला, आणि आईने माझ्यापेक्षा जास्त मोठा सुस्कारा सोडला.

मैत्रिणीचं नाव यादीत नव्हतं. एका गुणाने गेलं. आम्हा सगळ्यांत तिचाच ठिपका खाली गेला होता. ती चर्चमध्ये जाणारी, तिला ती रेघ नुसती रेघच दिसली होती. तो तिचा हक्काचा गुण होता, आणि तो घालवायला साहेबांशी भांडले होते मी.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती खळ्यात बसून सोलं परतत होती. मीही शेजारी बसून सोलं परतू लागले. तिने वर बघितलं आणि ती हसली. मला ते हसणं सोसलं नाही.

"सगळ्यांत मी एकटीच पुढे गेलंय गो," ती म्हणाली, "आणि मीच हंय मागे रवलंय."