यांना मी हलू दिलं नाही

अँजिओप्लास्टी झाल्यावर यांना घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं होतं. पोटावरची चरबी नुसती पडून नसते, रक्तातून सारखे निरोप धाडत असते; त्याने साखर वाढते, रक्तवाहिन्यांना सूज येते, हृदयाला त्रास होतो. हातपाय कामाला लावले की स्नायूही निरोप धाडतात, ते हिताचे. तेव्हा नवऱ्याला बसवून ठेवू नका, रोज चालू द्या, पुढे हळूहळू वजनही उचलू द्या.

मी मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. अहो, मरता मरता वाचलेला माणूस, त्याला वजनं कसली उचलायला लावता!

सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी यांना पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर नेऊन द्यायचे. लिटिल इंडियातून तांदळाची पिशवी एकटीने ओढत आणायचे. हे लिफ्टपाशी हात लावायला आले, तर चारचौघांत खेकसायचे, "वर जा आधी!" जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यात वर्षानुवर्षं शिड्या चढलेला माणूस मुकाट वर जायचा.

मुलगी इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, "आई, लेट हिम वॉक, ला!"

"गप्प बस. तुला काय कळतंय?"

वर्षभरात यांच्या मांड्या काटकुळ्या झाल्या, पोट तेवढं सुटलं. ओळखीच्या बायका म्हणायच्या, किती गं करतेस नवऱ्याचं! खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

दुसरा झटका सकाळी चहा पिताना आला. त्यात हे गेले. नेमकं कशाने झालं ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझं मन मात्र रोज मलाच खातं. मी हौसेने, प्रेमाने यांना पांगळं केलं.

दिवसपाणी उरकल्यावर पहिल्यांदाच खाली उतरले. आमच्या ब्लॉकखाली व्यायामाची यंत्रं आहेत. तिथे रोज पेडल मारणारे म्हातारे चिनी अंकल उठून जवळ आले.

"तुम्ही बाजारात गेलात की तुमचे मिस्टर इथे यायचे," ते इंग्रजीत म्हणाले. "समोरच्या बाकावर बसून आम्हाला बघायचे. मी किती वेळा म्हटलं, या, पाच मिनिटं करून बघा."

"मग?"

"हसायचे. म्हणायचे, नको, बायको फार घाबरते."