सावलीत पास झालेलं जाकीट

"माणसे चालतात की नाही, हे डोळ्यांना दिसते. त्यासाठी पट्ट्यांचा खर्च आवश्यक वाटत नाही."

हे वाक्य माझं. नोकरीला लागून दुसरं वर्ष चालू होतं. साहेबांनी त्याच्या बाजूला पेन्सिलीनं 'चांगलं निरीक्षण' असं लिहिलं, तेव्हा ते पान मी त्या दिवशी दोन-तीनदा उघडून पाहिलं.

आमच्या कार्यालयाचं काम आधी सांगते, कारण मलाही ते मुलाखतीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. सैन्याला एखादी नवी वस्तू हवी असते आणि ती अजून कुणी बनवलेली नसते. मग तिच्यावर संशोधन करायचं काम करारानं एखाद्या कंपनीला देतात. वस्तूच जन्मलेली नाही म्हटल्यावर तिचा भाव बाजारात विचारून यायची सोय नसते. कंपनी म्हणते, इतके दिवस लागतील, इतकी माणसं, इतकं सामान. त्यातली प्रत्येक गोष्ट कशाला लागते, हे आम्ही विचारतो. पुढे काम खरंच तसं झालं का, हेही पाहतो. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. मी मेंढरं राखणाऱ्या घरातली, परभणीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, घराण्यात दहावीपुढे गेलेली पहिलीच. 'कशाला?' असं विचारायचा आपल्याला कुणी पगार देईल, हे मला कधी वाटलं नव्हतं.

तो करार एका गार जाकिटाचा होता. वाळवंटात गस्त घालणाऱ्या जवानांसाठी. जाकिटाला आतून कप्पे आणि कप्प्यांत मेणासारखं काहीतरी भरलेली पाकिटं. ती आधी फ्रीजरमध्ये गोठवायची. अंगावर ती हळूहळू वितळतात आणि वितळताना शरीराची उष्णता ओढून घेतात. चाचणी भर मे महिन्यात, उघड्या रानात. जाकीट घालून दुपारी बारा ते चार चालायचं. चालणाऱ्यांच्या पायांत पावलं मोजणाऱ्या पट्ट्या बांधायच्या असं कंपनीनं मागितलं होतं. त्याच पट्ट्या मी काढून टाकल्या.

चाचणीसाठी कंपनीनं आमचा जिल्हा निवडला. ऊन भरपूर, आणि चालायची सवय असलेली माणसं मिळतात म्हणून. माणसांची यादी टेबलावर आली आणि पहिल्याच ओळीत माझ्या मामाचं नाव होतं.

माझी सगळी शाळा मामाच्या घरी झाली. आई-बाबा वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेरगावी असायचे. मामाची थोडी शेती होती, थोडी मेंढरं होती आणि तो गाव सोडून फिरत नव्हता, म्हणून मला त्याच्याकडे ठेवलं. आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो, मग भाची पाळण्यातली का असेना. मी परकर घालून शाळेत जात असे तेव्हापासून हा मिशीवाला माणूस सणासुदीला माझ्यापुढे वाकत आला आहे. मला अजूनही त्याची सवय झालेली नाही.

यादी पाहून मी आनंदानं त्याला फोन केला. "मामा, ते काम आमच्याच हापिसातलं हाय!" हा फोन करायला नको होता, हे मला नंतर कळलं. पण दुसऱ्या दिवशी साहेबांना मात्र लेखी दिलं, की यादीतला पहिला माणूस माझा सख्खा मामा आहे.

"बरं केलंत सांगितलंत," साहेब म्हणाले. ते नागपूरकडचे, कमी बोलणारे. "तुम्ही सोबत या. बघा, विचारा. सही मी करतो."

पोखर्णीच्या रस्त्याला मामाचं गाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मारुतीच्या देवळामागे कंपनीचा टेम्पो उभा होता, आत फ्रीजर, बाहेर जनरेटर. कंपनीचा इंजिनिअर आमच्याच वयाचा होता, म्हणजे माझ्या. उन्हानं त्याच्या नाकाची साल निघाली होती. जाकिटांच्या आतलं तापमान त्याला गाडीत बसून पडद्यावर दिसायचं.

"सर, आम्हालाही एवढी आशा नव्हती," तो म्हणाला. "चार तास झाले तरी पाकिटं पूर्ण वितळत नाहीत."

त्यानं चाचणीच्या गेल्या आठ दिवसांच्या रोजच्या चिठ्ठ्या दाखवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शेवटी एक ओळ होती, 'घालणाऱ्याचा अभिप्राय'. सगळ्यांवर एकच: काही त्रास नाही. खाली अंगठा किंवा सही.

मी त्या चिठ्ठ्या पुन्हापुन्हा चाळल्या. मामाला मी विचारलं की चहा कसा झालाय, तरी तो त्यावर पाव तास बोलतो. आठ दिवस रोज तेच तीन शब्द?

"तुम्ही त्यांच्यासोबत गेलात का कधी?" मी विचारलं.

"गाडी सोडता येत नाही, मॅडम. जनरेटर बंद पडला तर उद्याची पाकिटं जातात. ते ओढ्यापलीकडे चालतात. चारला परत येतात."

साहेब चिठ्ठ्या बघत बसले. बारानंतर मी एकटीच ओढ्याकडे निघाले. पायाखालची माती चपलेतून भाजत होती. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर मोठा कडुलिंब आहे. लिंबाच्या सावलीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गप्प उभी होती आणि त्यांच्याशेजारी करडी जाकिटं घातलेली दहा माणसं बसली होती. दोघं आडवे होते.

मामा उठला आणि जाकिटासकट माझ्यापुढे वाकला. "आली का माय! उनाचं कामून आलीस?"

"मामा, तुमी बसलात कामून? चालायचं हाय ना?"

"दुपारच्याला कोन चालतंय? मेंढरं बी हलंनात, आन् आमी हिंडावं? येडी का काय तू?"

"कागदावर तसं लिव्हलंय."

"त्या पोराला काय कळतंय उनातलं. बारा ते चार घाला म्हनला, घातलंय. एक मिंट काढलं न्हाई. इचार ह्यांना."

"लय गार हाय, ताई," आडवा झालेला एक जण डोळे न उघडता म्हणाला. "झोप यायलीय."

बाकीचे हसले. मामानं मला जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "तू काळजी करू नकू. तुझं जाकीट हाय म्हनल्यावर नापास हू देतो का मी? सगळ्यांला सांगून ठेवलंय. कुनी बी इचारलं तरी म्हनायचं, काई त्रास न्हाई."

माझ्या परीक्षांच्या वेळी त्यानं घरात रेडिओ बंद ठेवला होता. आताही तो माझी परीक्षाच सांभाळत होता. मी गप्प राहिले तर जाकीट पास होणार, चिठ्ठ्यांवर सही होणार, आणि कधीतरी वाळवंटात एखादा जवान ते घालून भर दुपारी चालणार. त्याला तिथे लिंब मिळणार नाही. मी बोलले तर गावादेखत माझा मामा खोटा ठरणार.

परत येताना ओढ्यात जरा थांबले. मग जाऊन साहेबांना आणि इंजिनिअरला सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं.

इंजिनिअर खाली बघत राहिला. साहेबांनी विचारलं, "करारात पावलं मोजायच्या पट्ट्या होत्या ना? त्या कुणी काढल्या?"

"मी, सर. चालणारी माणसं डोळ्यांना दिसतात असं लिहिलं होतं." आणि धीर करून म्हणाले, "तुम्ही बाजूला 'चांगलं निरीक्षण' लिहिलं होतं."

साहेबांनी हातातल्या चिठ्ठ्या मिटल्या. "मग आपण दोघंही अहवालात जाऊ," ते म्हणाले. "आणि आता डोळ्यांनीच बघू."

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना देवळापुढे बसवून समजावलं. जाकीट कुणाचंच नाही, आणि ते कुठे हरतं हेच कळायला हवंय, असं म्हणाले. मामी भाकरी घेऊन आली होती. ती मामाला म्हणाली, "आठ दिस बसून रोजगार खाल्लाव, आता चाला जरा."

दुसऱ्या दिवशी बाराला इंजिनिअरनं जनरेटरपाशी साहेबांना बसवलं आणि स्वतः वही घेऊन माणसांच्या मागे चालू लागला. मीही छत्री घेऊन थोडं अंतर गेले. पाऊण तासात मामाच्या जाकिटातली पाकिटं मऊ पडली. मग ते गार राहिलं नाही, नुसतं ओझं झालं. तासाभरानं मामानं ते काढून बांधावर टाकलं.

"काय वाटलं?" इंजिनिअरनं विचारलं.

"तवा हाय तवा. आतून भाकर भाजंल. आन् हे पाकीट पाठीला घालून काय फायदा? ऊन मानंवर बसतंय. मानंला ठिव." त्यानं आपलं मुंडासं सोडून दाखवलं, मान झाकायला ते कसं मागे सोडतात ते. इंजिनिअर उभ्याउभ्या लिहीत होता, चित्रही काढत होता. कालपासून मी त्याला पाहत होते, त्यात तो इतका खूश दिसला नव्हता.

परत आल्यावर टेम्पोच्या सावलीत बसून मामानं साहेबांना विचारलं, "म्हंजे नापासच झालं की. आता ह्या पोराच्या कंपनीचे पैसे बुडले?"

"नाही. करार चाचणीचा आहे, पास होण्याचा नाही. नीट चाचणी झाली की पैसे मिळतात. या दिवसांचे मिळतील. आधीच्या आठ दिवसांचं बघावं लागेल."

"खरं नापास झालं तरी पैसे देता?" मामाला हे पटेना. "आसं कुटं असतंय? आमचं मेंढरू मेलं तर बाजारात कोन पैसे देतंय?"

"मेलं कशानं हे कळलं, तर पुढची वाचतील की," साहेब म्हणाले.

मामा विचारात पडला. मीही पडले. मी दोन वर्षं खर्चाकडे बघत होते आणि स्वस्तात काय मिळेल ते शोधत होते. आपण विकत काय घेतोय, हे मी त्या पट्ट्या काढताना विचारलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी मामा टेम्पोपाशी आला. "त्या आदल्या चिठ्ठ्या फाडून टाका," तो म्हणाला. साहेबांनी मान हलवली. फाडायच्या नाहीत. आधीचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, खाली खरं लिहायचं आणि सही करायची. मामानं आपल्या आठही चिठ्ठ्यांवर माझ्याकडून लिहून घेतलं: 'चाललो नाही. लिंबाखाली बसलो होतो.' प्रत्येकीवर त्यानं सावकाश सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तुजी कर."

"माझी चालत न्हाई, मामा. मी तुमची भाची हाय."

"मग कुनाची चालती?"

मी साहेबांकडे बोट केलं.

"त्यो तर हितं कुनाचाच कुनी न्हाई."

"म्हनूनच."

मामानं साहेबांकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. मग माझ्यापुढे वाकला, आणि मामीला हाक मारून म्हणाला, की साहेबांच्या डब्यात दोन भाकरी जास्तीच्या घाल.