काकांची पाठ

“आपल्याला कुठं टाइम गाठायचाय?” असं म्हणून ड्रायव्हरकाका ओट्यावर बसायचे, तेही अंगणाकडे पाठ करून. नव्या भाडेकरूंना तो शिष्टपणा वाटायचा. वाटू दे. आम्हा जुन्या शेजाऱ्यांना त्या पाठीची किंमत ठाऊक होती, आणि अजून संध्याकाळी मला त्या ओट्याकडे बघवत नाही.

इंदिरानगर तेव्हा नवंनवं होतं. घरं कमी, मोकळे प्लॉट जास्त. काका निफाडकडचे, नाशिक-मालेगाव एसटी चालवून रिटायर झालेले. आवाज असा, की शेजारी कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये.

कुत्री आणली काकूंनी. एका बांधकामावरचा मुकादम तिला तारेनं बांधून सळईनं बडवायचा. काकूंनी त्याच्याशी कडाकडा भांडून तिला सोडवली, सोनी नाव ठेवलं. आम्हा बायकांजवळ सोनी यायची. पुरुष दिसला की पलंगाखाली. काकाही त्यातच आले.

आणि वर्ष व्हायच्या आत काकूच गेल्या.

घरात उरले दोघं, आणि त्यातली एक दुसऱ्याला बघून थरथर कापायची. तिची भाकरी मलाच न्यावी लागे. काका दारातून विचारत, “खाल्ली का ओ?” एकदा म्हणाले, “तिची म्हणून येवढीच ऱ्हायलीय माझ्याकडं. आन् ती बी मला भिते.”

मग मीच अक्कल पाजळली. म्हटलं, काकूंचं लुगडं गुंडाळून बसा. बसले हो बिचारे! डोक्यावरून पदर घेऊन, हातात भाकरी धरून. सोनी शेपूट हलवत आली, वास घेतला, वर बघते तर झुपकेदार मिशा! जी केकाटली, ती थेट मोरीत जाऊन दडली. मी हसून हसून बेजार. काकाही हसले, आणि हसता हसता त्याच पदरानं डोळे पुसायला लागले. लुगड्याची घडी घालताना म्हणाले, “फसवून नाय जमायचं.”

दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याकडे पाठ करून बसू लागले. भाकरी मागे ठेवायची, तोंड भिंतीकडे, बोलणं हळू. मी विचारलं, “हे काय नवीन?”

“जल्मभर पाशिंजरांकडं पाठ करूनच बसलो. माझी पाठ बघून लेकुरवाळ्या बाया बिनघोर झोपायच्या. हे थोबाड दावलं असतं, तर झोपल्या असत्या का?”

पावसाळा गेला, थंडी पडली. एका सकाळी काकांनी मला खुणेनं बोलावलं. सोनी त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपली होती. काका श्वाससुद्धा बेतानं घेत होते. चहा गार होतोय म्हटलं, तर कुजबुजले, “होऊ द्या. आपल्याला कुठं टाइम गाठायचाय?”

पुढे कित्येक वर्षं ती जोडी ओट्यावर तशीच दिसायची.

काका गेले त्या दिवशी अंगण पुरुषांनी भरलं होतं. मला वाटलं, सोनी पलंगाखाली असेल. पण ती त्या सगळ्या पायांमधून आली. पोट जमिनीला घासत, कापत, पण आली. काकांना उताणं निजवलं होतं. ती या बाजूनं गेली, त्या बाजूनं गेली. पाठ काही तिला सापडेना.

आमच्या ह्यांनी हातातला तिरडीचा बांबू खाली ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून मांडी घातली. सोनी त्या पाठीकडे बघत राहिली.

“चला, उशीर होतोय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“होऊ द्या,” मी म्हटलं. “त्यांना कुठं टाइम गाठायचाय?”