मिस्त्रीवहिनी आणि न उठणारा कॉम्प्युटर

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे अडीच वाजलेत. नाट्यगृह जवळजवळ रिकामं आहे. विंगेतल्या टेबलाशी तीन माणसं पाठमोरी उभी आहेत आणि त्यांच्यासमोर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ नुसती लुकलुकते आहे. प्रयोग चारला.

उजवीकडून नायिकेचा प्रवेश. ठेंगणी, पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी, अंबाड्यात खोचलेला स्क्रूड्रायव्हर. सगळे तिला मिस्त्रीवहिनी म्हणतात.

नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या हातांना कंप सुटला तेव्हा वहिनींनी दुकान हाती घेतलं. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासात झाडू मारता मारता जे पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. गिऱ्हाईक बसलं की वहिनींनी उभं राहायचं. सुरुवातीला जो तो विचारायचा, "मिस्त्री कुठे आहेत?" वहिनी सांगायच्या, "जेवायला गेलेत. तोवर मी बघते." मिस्त्री परतायच्या आत काम झालेलं असायचं. ते मिस्त्री बारा वर्षं जेवत होते!

त्या दिवशी प्रश्न नुसत्या प्रयोगाचा नव्हता. आमच्या माईंचा होता. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेला त्यांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला. ऑपरेशनच्या आधी महिनाभर खपून त्यांनी या नाटकातल्या म्हातारीची सगळी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. म्हातारी दिसत नाही, आतल्या खोलीतून बोलते. तो आवाज आता जगात फक्त या एका कॉम्प्युटरमध्ये होता. तो ऐकायला माई दीड तास आधीच येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"दोघांना दाखवलं, वहिनी," आमचा आवाजवाला म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पहिला म्हणाला, डिस्क मेली. हे दादा म्हणतात, सगळं पुसून नव्यानं भरू."

"चारला प्रयोग करायचा असेल तर तोच उपाय आहे," दुसरा कारागीर म्हणाला.

"पुसायला काय, फडकं सगळ्यांकडे असतं," वहिनी म्हणाल्या. "आधी विचारू."

"कुणाला? कॉम्प्युटरला?"

"नाही हो, माणसांना. काल चालत होता ना? मग आज काय झालं?"

"आठवडाभर बंदच केला नव्हता," आवाजवाला म्हणाला. "सकाळी दिवे तपासायला मेन स्विच पाडला, तेव्हा बंद झाला. मग उठलाच नाही."

"आणि या आठवड्यात नवीन काय जोडलं?"

"काहीच नाही."

वहिनींची रीत ठरलेली. खोका उघडायच्या आधी त्याला जोडलेलं सगळं काढायचं आणि तो एकटा उठतो का ते बघायचं. प्रिंटर निघाला, स्पीकरच्या वायरी निघाल्या, पेनड्राइव्ह निघाला. बटण दाबलं. तीच रेघ. कारागीर खाकरला.

वहिनींनी हात खोक्यामागे घातला आणि त्या बोटांनी चाचपू लागल्या. बोटं एका बारीक वायरीवर थांबली. वायरीचा माग काढत त्या टेबलाखाली वाकल्या. टेबल काळं, त्यावर काळी टेप, आणि टेपखाली तळहाताएवढी हार्ड डिस्क.

"ही कोण?"

आवाजवाल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, माईंच्या आवाजाची जादा प्रत ठेवायला आणलीय. गेल्या सोमवारी जोडली. उद्या भरणार होतो."

"आणि चिकटवली कशाला?"

"कुणाचा पाय लागून पडेल म्हणून."

आता हसू नका. आम्ही नाटकवाले विंगेत जे जे हलेल ते टेपनं चिकटवतो, तेही काळ्या टेपनं, म्हणजे प्रेक्षकांना दिसायला नको. आणि काळ्या टेपखाली गेलेली वस्तू आमच्या लेखी नसतेच. जन्मभर नजरेला तीच सवय लावलेली.

"हा कॉम्प्युटर उठताना आधी बघतो, मला कामाला लावणारी डिस्क कुठली," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या इथे बाहेरच्या डिस्कचा नंबर पहिला लावून ठेवलाय. ती बिचारी रिकामी. आणि हा सकाळपासून तिच्या तोंडाकडे बघत बसलाय."

त्यांनी वायर उपटली. बटण दाबलं. रेघ गेली. पडदा निळा झाला, एकेक चित्र उमटलं. स्पीकर जोडून आवाजवाल्यानं कळ दाबली.

"कोण आहे गं दारात? आत ये. तुझीच वाट बघत होते."

सगळं नाट्यगृह माईंनी भरून गेलं. पहिल्या रांगेत माईंचा हात गळ्याशी गेला. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. स्वतःच्याच वाक्याला. नटीला शोभेल असंच.

"मला वायर दिसलीच नाही," कारागीर पुटपुटला.

"मला तरी कुठे दिसली, दादा? हाताला लागली."

वहिनींनी आतल्या डिस्कचा नंबर पहिला लावला, बाहेरची पुन्हा जोडली आणि कॉम्प्युटर तीनदा बंद करून तीनदा उठवून दाखवला. तीन वाजून वीस मिनिटांनी माईंच्या आवाजाची जादा प्रतही तयार झाली.

प्रयोग असा रंगला की शेवटी लोक उभे राहिले. माईंना हात धरून रंगमंचावर आणलं, आणि माईंनी वहिनींना ओढून आणलं. पडदा पडल्यावर माईंनी वहीत लिहून वहिनींना विचारलं, जे प्रत्येक नट प्रत्येक प्रयोगानंतर विचारतो: मागच्या रांगेत ऐकू गेलं का?

वहिनी म्हणाल्या, "शब्द न् शब्द, माई. आणि मी तर दाराबाहेर उभी होते."